शिर्क्यांचा कान

नंदाआत्या सोडून घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, की मागची खोली जाणार. खोली आत्याची, सामान आत्याचं, आणि पत्ता नाही तो एकट्या आत्यालाच. गुजरातेत पिढ्या गेलेल्या, अकोट्यातल्या शिर्क्यांच्या घराची रीतच तशी. अवघड गोष्ट कुणी कुणाच्या तोंडावर बोलायची नाही. एकानं दुसऱ्यावर ढकलायची, दुसऱ्यानं तिसऱ्यावर, आणि मग सगळ्यांनी समजून चालायचं की झालं एकदाचं सांगून. चीड येते अशा माणसांची. ओरडून भांडणारी परवडली.

या खेपेला झालं ते असं. विक्रमसिंहला दिवाळीच्या आत होम थिएटर हवं होतं. कंपनीतल्या दोघांनी घेतलं होतं, आणि त्यांच्याकडे जाऊन जाऊन त्याची मुलं आता घरच्या टीव्हीकडे बघेनाशी झाली होती. प्रोजेक्टर, भिंतभर पडदा, डीव्हीडी प्लेयर, पुढे तीन स्पीकर, मागे दोन, आणि जमिनीवर ठेवायचा तो धडधडणारा वूफर. दिवाणखान्यात हे बसत नव्हतं. तिथून जिना वर जातो, एका बाजूला व्हरांड्याची जाळी. उजेड आत आणि आवाज बाहेर. बंद खोली हवी, आणि घरात खरी बंद खोली एकच, मागची. जाड भिंतींची, एका दाराची. लेक इंदूरचं सासर सोडून कायमची परत आली, तेव्हा आत्याच्या वडिलांनी, जगदेवराव आबांनी, ती मुद्दाम तशी बांधून घेतली होती. तिनं पहाटे गळा मोकळा सोडला तर शेजारपाजारच्यांची कुरकुर नको म्हणून.

नीरा नवऱ्याला म्हणाली, तुझी आत्या आहे, तू सांग. विक्रम वडिलांना म्हणाला, बाबा, तुमची बहीण आहे, तुम्हीच सांगा. विश्वासराव पेपरातून डोकं न काढता 'हं, बघतो' म्हणाले. आत्यानं गच्चीवरच्या, पाण्याच्या टाकीशेजारच्या खोलीत जायचं हेही परस्पर ठरलं. साठी ओलांडलेल्या बाईच्या गुडघ्यांना तो जिना झेपेल का, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आणि मग शनिवारी विक्रमनं आत्याला विचारलं, उद्या फतेगंजला दुकानात येतेस का, ऐकून सांग कुठला सेट घ्यायचा.

यात त्याचा काही कावा नव्हता. शिर्क्यांच्या घरात आवाजाची कुठलीही वस्तू कान लावल्याशिवाय आलेली नाही. आत्याचे आजोबा, थोरले दत्ताजीराव, संस्थानच्या पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. ग्रामोफोन घ्यायचा झाला तेव्हा त्यांनी घरी आलेले दोन परत पाठवले आणि तिसरा ठेवून घेतला. पुढे रेडिओही त्यांनीच निवडला. त्यांच्यानंतर हा मान नातीकडे आला. टेपरेकॉर्डर, मुलांचा की-बोर्ड, इतकंच काय, दाराची बेलसुद्धा नंदाआत्यानं ऐकून 'आण' म्हटल्यावर आली. तेव्हा आत्याला न नेता होम थिएटर घेणं विक्रमच्या स्वप्नातही आलं नसतं.

आत्या हरखली. शाळेतली गाण्याची नोकरी संपल्यापासून तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं. संध्याकाळी चार मुली शिकायला यायच्या तेवढंच. तिची ती खुशी तिघांनी बघितली, आणि तिघांनी तिचा एकच अर्थ लावला. नीराला वाटलं, विक्रमनं सांगितलेलं दिसतंय, आणि आत्यांनी मनावर घेतलं नाही. विक्रमला वाटलं, बाबांनी सांगितलं वाटतं. विश्वासरावांना वाटलं, पोरानं काम उरकलं, बरं झालं. सगळ्यांना एकदम हायसं वाटलं.

रविवारी सकाळी आत्यानं जांभळी, बारीक जरीची साडी काढली. नीरानं तिच्या खांद्यावर पिन लावून दिली आणि गहिवरून म्हणाली, "आत्या, खरंच, तुमचं मन फार मोठं आहे."

दुकानात जायला मन कशाला मोठं लागतं, हे काही आत्याला कळलं नाही. पण सून इतक्या प्रेमानं बोलत होती, की तिनं आपलं हसून घेतलं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर ऐकायची वेगळी खोली होती. गालिचा, जाड पडदे, मध्ये एक सोफा. बाळकृष्णभाई नावाचा विकणारा मोठा बोलका होता. त्यानं आत्याला मधोमध बसवलं, दिवे मालवले आणि पडद्यावर विमानं सोडली. विमान डोक्यावरून मागे गेलं, मागून बॉम्ब फुटले, सोफा हादरला. विक्रम लहान मुलासारखा आत्याच्या तोंडाकडे बघत होता.

"सरस आहे ना, आत्या?"

आत्या म्हणाली, दगडधोंडे पडल्याचा आवाज कुठल्याही पेटीतून चांगलाच येतो. माणसाचा गळा ऐकव.

बाळकृष्णभाईंनी शोधाशोध करून गाण्याच्या मैफलीची एक डीव्हीडी लावली. आता आत्या सरसावून बसली. डोळे मिटले. पहिल्या सेटवर बाईचा आवाज नाकातून आल्यासारखा येत होता आणि खालून वूफर उगाच घुमत होता, जशी एखादी तबल्याची जोडी भलत्याच माणसाच्या हातात पडावी. दुसऱ्या सेटवर गळा समोर, जागच्या जागी बसला. तंबोरा त्याच्या मागे. टाळ्या पाठीमागून आल्या. आत्यानं पुन्हा पहिला लावायला सांगितला, पुन्हा दुसरा. मग मागचे दोन बंद करून. मग नुसते मागचे. डावा मागचा चढा लागतोय म्हणाली. बाळकृष्णभाईंनी बघितलं तर खरंच तो जास्त वाढवलेला होता. त्यांनी कानाला हात लावला आणि विक्रमला म्हणाले, बेनला रोज घेऊन या, मी पगार देतो. विक्रम अभिमानानं हसला.

खरं सांगायचं तर त्या अर्ध्या-पाऊण तासात नंदाआत्या कितीतरी वर्षांनी सुखात होती. आपला कान अजून जागेवर आहे आणि आपल्या माणसांना त्याची गरज आहे, एवढंच तर सुख.

निकाल तिच्या ओठांवर होता. पण त्याआधी बाळकृष्णभाईंनी कागद पुढे ओढून खोलीचं माप विचारलं, आणि विक्रम गुजरातीत सांगत गेला. पंधरा बाय बारा. दार एकच. मागे एक खिडकी, ती बंद करू. पूर्वेच्या भिंतीत लाकडी कपाट आहे, ते उखडून तिथं पडदा. छताला हुक आहे, झुंबर होतं पूर्वी, तिथं प्रोजेक्टर येईल.

आत्या ऐकत होती. घरात झुंबराचा हुक एकाच खोलीत होता.

"कुठलं कपाट?" तिनं विचारलं.

विक्रम कागदावरच बघत होता. "तुझं गं. तंबोऱ्याचं. ते वर गच्चीवरच्या खोलीत मावत नाही, मापून बघितलं मी. पण तंबोरे भिंतीला टांगता येतील." मग त्यानं मान वर केली. आत्याचा चेहरा बघितला, आणि त्याच्या हातातलं पेन थांबलं. "बाबांनी सांगितलं ना तुला?"

आत्यानं पिशवी उचलली आणि उठली. बाळकृष्णभाईंना यातलं काही कळलं नव्हतं, त्यांनी उत्साहानं निकाल विचारला, "तो बेन, कयो सेट फायनल करीए?" आत्या त्यांच्या बाजूनं जिना उतरून खाली गेली आणि गाडीशेजारी उन्हात उभी राहिली.

घरापर्यंत विक्रम एकटाच बोलत होता. बाबा म्हणाले होते सांगतो. मला वाटलं तू हो म्हणालीस, म्हणून तर तू आलीस. मी तुला फसवेन का, आत्या? त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि आत्याला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. ज्या पोराला मांडीवर बसवून सूर ओळखायला शिकवलं, त्यानं तिच्या खोलीची मापं घेतली होती, ती घरात नसताना, टेप लावून. आणि मग तिलाच मानानं सोफ्यावर बसवून विचारत होता, कशी वाजते तुझी खोली.

विश्वासराव दिवाणखान्यात खुर्चीवर बसले होते. घरभर रविवारच्या मटणाचा वास. बहीण चपला न काढता आत आली, तेव्हाच त्यांना काय ते कळलं. पण कळलं नाही असं दाखवणं त्यांना जन्मापासून जमत आलेलं होतं.

"दादा, माझी खोली कधी दिलीस?"

ते म्हणाले, विक्रमनं सांगितलं नाही का. विक्रम दारातून म्हणाला, तुम्ही सांगणार होता. विश्वासराव म्हणाले, मी बघतो म्हणालो होतो, सांगतो नव्हतो म्हणालो. एवढ्या वयाचा माणूस, आणि हे उत्तर.

"मला विचारलं असतंस तर काय झालं असतं?" आत्या म्हणाली.

काय झालं असतं ते विश्वासरावांना नीट ठाऊक होतं. ती नाही म्हणाली असती, आणि विषय संपला असता, जसा या घरात कायम संपत आला. तिचा रियाज, म्हणून रेडिओ हळू. तिच्या मुली, म्हणून संध्याकाळी पाहुणे नकोत. त्यांच्या आत एक जुनी जखम होती आणि ती आज भळभळा वाहायला लागली. लहानपणी आजोबांनी दोघा भावंडांना समोर बसवून क्लॅरिनेटचे सूर ओळखायला लावले होते. सगळ्या घरासमोर थोरले दत्ताजीराव म्हणाले होते, याला कान नाही, कान पोरीला आलाय. मुलगा ते, घराण्याचं नाव चालवणारे, आणि वारसा गेला धाकट्या बहिणीकडे. त्यांनी क्लॅरिनेट पुन्हा हातात घेतली नाही. त्या मागच्या खोलीत आता विमानं आणि बॉम्ब वाजणार, या कल्पनेनं त्यांना आठवडाभर बरं वाटत होतं. हे त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

म्हणून मग त्यांच्या तोंडून ते निघालं, जे निघायला नको होतं.

"हे बघ नंदा, घर माझं आहे. इतकी वर्षं कुणी तुला बोललं नाही, ते उपकारच समज."

विक्रमसुद्धा चपापला. आत्या भावाकडे बघत राहिली. ती इतकंच म्हणाली, की आबांनी ती खोली मला दिली तेव्हा तू तिथंच उभा होतास, आणि आबांनी तुला विचारलं होतं, चालेल ना, आणि तू चालेल म्हणाला होतास. "तेव्हाही तुझ्या मनात दुसरंच होतं. आज कळलं."

नीरा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. आणि तिच्या अंगाची आग आग होत होती.

तिला ती खोली हवी होती, यात काही खोटं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून हवी होती. दोन मुलं आता मोठी होऊन अजून आईबापाच्या खोलीत जमिनीवर झोपत होती, आणि घरातली सगळ्यात शांत, सगळ्यात गार खोली एका माणसाला. होम थिएटर हे विक्रमचं खूळ. नीराचा हिशेब वेगळा होता. सिनेमा काय रविवारी. बाकीचे दिवस लेकीला, अवंतीला, दार लावून अभ्यास करता आला असता. पण सकाळी आपण त्या बाईच्या खांद्याला पिन लावली, आणि वर मन मोठं आहे म्हणालो. ती आठवण येताच नीराला स्वतःची शिसारी आली. आणि ही आपली गत कुणी केली? या दोन बापलेकांनी.

नीराचं माहेर घडियाळी पोळातलं, जुन्या शहरातल्या चिंचोळ्या गल्लीतलं. तिथं ओट्यावर उभं राहून समोरच्या घराशी भांडतात, सगळ्या पोळाला ऐकू जाईल असं, आणि संध्याकाळी त्याच घरातून ढोकळ्याची ताटली येते. शिर्क्यांची ही मुकी तऱ्हा तिला कधीच सोसली नव्हती. आज ती हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, मला चोर केलंस तू. मी तुला चारदा विचारलं सांगितलंस का, तू चारदा हो म्हणालास. विक्रम म्हणाला, मी बाबांना सांगितलं होतं. नीरा म्हणाली, बाबांना सांगणं म्हणजे आत्यांना सांगणं नव्हे, एवढं तुला कळत नाही का, की कळून घ्यायचं नसतं? सासऱ्यांसमोर ती नवऱ्यावर असा आवाज कधी चढवत नसे. विश्वासराव 'सूनबाई' म्हणून काही बोलायला गेले, तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

मग ती आत्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, मला ती खोली हवी आहे. यांच्या सिनेमासाठी नाही, माझ्या मुलांसाठी. अवंती मोठी झाली, तिला कपडे बदलायला न्हाणीघरात जावं लागतं. मी इतकी वर्षं मनात ठेवलं. आज विचारते. द्याल?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती कुणी बंद करायला गेलं नाही.

आत्यानं तिच्याकडे नीट बघितलं. या घरात तीस-बत्तीस वर्षांत कुणी तिला काही सरळ मागितलं नव्हतं, आणि सरळ नाकारलंही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "दिली असती कदाचित, तू गेल्या वर्षी मागितली असतीस तर. आज नाही देणार. ज्या घरात भाऊ उपकार काढतो, तिथं मला दार लावायला एक खोली हवी. अवंतीला सकाळी नऊ ते पाच तिथं बसू दे, मी व्हरांड्यात बसेन. पण खोली माझी."

नीरानं मान हलवली. तिला राग आला, खूप आला, पण तो स्वच्छ राग होता, ज्याच्याशी उद्या बोलता येतं. "ठीक आहे," ती म्हणाली. आणि तिथल्या तिथं वळून सासऱ्यांना म्हणाली, बाबा, आत्यांना तुम्ही गच्चीवर पाठवलंत तर मी आणि मुलं घडियाळी पोळात जाऊ, आणि कुणी विचारलं तर का आलो ते ओट्यावर उभी राहून सांगेन.

विश्वासरावांना बायकांचं हे एक होणं अजिबात अपेक्षित नव्हतं. सूनबाई आपल्या बाजूची, असं ते आठवडाभर धरून चालले होते. त्यांनी पेपर उचलला, घडी उलटी घातली, पुन्हा ठेवला. कुणावर ओरडावं ते सुचेना. शेवटी भिंतीकडे बघून म्हणाले, राहू दे. राहू दे तिला तिथंच. आणि उठून आपल्या खोलीत गेले. माफीबिफीचा प्रश्नच नव्हता. जेवायला मात्र वेळेवर आले. मटण छान झालं होतं, आणि कुणी तसं म्हणालं नाही.

जेवणानंतर विक्रमला एकदम हलकं वाटायला लागलं. भांडण झालं, मिटलं, खोली आत्याची आत्याकडे राहिली, आता कुणाची काय तक्रार? जिन्याला जाड पडदा लावला, जाळीला काच बसवली, तर दिवाणखान्यातही काम होईल. थोडा आवाज जाईल, जाऊ दे. त्यानं दुकानाची दोन्ही पत्रकं घेतली आणि मागच्या खोलीच्या दारात गेला. आत्या कॉटवर बसली होती, जांभळी साडी अजून अंगावर तशीच. कपाट उघडं होतं आणि ती तंबोऱ्यांकडे नुसती बघत होती.

तो उंबऱ्यावरच उभा राहिला. म्हणाला, आत्या, चुकलो मी, खरंच चुकलो. ती 'बरं' म्हणाली. तेवढ्यानं त्याला धीर आला. आता दिवाणखान्यातच बसवणार आहे, तो म्हणाला, बाळकृष्णभाईंना आज संध्याकाळी कळवायचंय. तू सांगता सांगता राहिलीस.

"कुठला घेऊ?"

आत्यानं पत्रकांकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मला दोन्ही सारखेच ऐकू आले," ती म्हणाली.

विक्रम हसला. थट्टाच ती. डावा मागचा चढा आहे हे दुकानदाराच्या आधी सांगणारी आत्या. तो हसत थांबला, की ती पुढे काही बोलेल. तिनं मान पुन्हा कपाटाकडे वळवली. हळूहळू त्याचं हसू गेलं.

"आत्या, असं नको करूस. खोली राहिली ना तुझी?"

"हो, राहिली," आत्या म्हणाली. "दार लोटून घे जाताना."

तो दिवाणखान्यात परत आला तेव्हा विश्वासराव खुर्चीत होते आणि नीरा जमिनीवर बसून उद्याची भाजी निवडत होती. विश्वासरावांनी नेहमीसारखं, न बघता विचारलं, काय म्हणाली, कुठला चांगला?

"दोन्ही सारखेच म्हणाली."

विश्वासरावांनी पेपर खाली घेतला. आपल्या बहिणीला कान नाही, हे कुणाच्या तरी तोंडून ऐकावं म्हणून त्यांनी सगळा जन्म घालवला होता, आणि आता ऐकल्यावर त्यांना ते पटेना.

"नंदा म्हणाली असं?"

"हो."

नीराचे हात थांबले. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे.

"मग आता कुणाला विचारणार तुम्ही?" ती म्हणाली.